सैराट ४ कोटीत बनला आणि ११० कोटी कमावले, म्हणजे निर्मात्याला १०६ कोटी नफा झाला का?

नाही झाला. आणि हा प्रश्न वाचून मला राहवलं नाही, कारण याच वजाबाकीपायी आमचे दाजी आजही माझ्याशी धड बोलत नाहीत.

११० कोटी हा गल्ला आहे. लोकांनी तिकीट खिडकीवर दिलेले सगळे पैसे. नफा कसा काढतात ते आधी बघा.

२०१९ ला मी एका छोट्या मराठी सिनेमाचा हिशोब सांभाळत होतो, नाव नको. बजेट १ कोटी ४० लाख, सगळं शूट साताऱ्याकडे एकाच शेड्यूलमध्ये उरकलं. शेवटी शेवटी पैसे कमी पडले तेव्हा निर्मात्यांनी ओळखीपाळखीतून गोळा केले, त्यात दाजींचे १० लाख. पिक्चर लागला, बऱ्यापैकी चालला, आणि पेपरात आलं की २ कोटींचा गल्ला. झालं. मामाच्या पोरीच्या साखरपुड्यात पंगत बसलेली, मी वाढत होतो, आणि दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "साठ लाख फायदा झाला म्हणे, आमचा वाटा कुठाय?" मामांनी विषय बदलला पण बसायचा तो डाग बसला. तेव्हापासून निम्म्या नातेवाइकांना वाटतं की पैसे आम्ही दाबले.

आता त्याच पिक्चरच्या एका शोचा डीसीआर सांगतो, म्हणजे थिएटरमधून रोज येतो तो कलेक्शनचा कागद. मल्टिप्लेक्स, सकाळी सव्वा अकराचा शो, १५० चं तिकीट, ४० माणसं. गल्ला ६०००. त्यातला १८ टक्के जीएसटी काढला की ५०८५ उरले. पहिला आठवडा म्हणून निम्मे थिएटरचे, आपल्याकडे २५४२. वितरकाचं १० टक्के कमिशन गेलं, राहिले २२८८. आणि हे पण निर्मात्याच्या हातात पडत नाहीत, कारण प्रसिद्धीचा खर्च आणि व्हीपीएफ (थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्शनचं भाडं, दर स्क्रीनमागे भरायचं) आधी वळते होतात. आमचे २ कोटी टॅक्स जाऊन १ कोटी ७२ झाले, वाट्याला आले ७७ लाख, कमिशन जाऊन ६९, आणि प्रसिद्धी न व्हीपीएफचे ५८ लाख कापून उरले ११ लाख. अकरा! सॅटेलाइट (टीव्हीवर दाखवायच्या हक्कांचे पैसे) आणि सरकारी अनुदान धरूनसुद्धा पिक्चर तोट्यातच. दाजींना हे मी वहीवर मांडून दाखवलं तर म्हणाले, "कागद काय, कसापण बनवता येतो."

पहिल्या आठवड्यात आपल्याकडे निम्मे म्हणालो, तो आपला वाटा नंतर घटत जातो. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं मोठं भांडण झालं, दोन महिने नवे हिंदी पिक्चरच लावले नव्हते, त्या तडजोडीतून पिक्चरवाल्यांना आठवड्यागणिक ५०, ४२.५, ३७.५ आणि मग ३० टक्के असं ठरलं. म्हणजे हळूहळू तोंडी प्रसिद्धीवर चालणाऱ्या छोट्या पिक्चरचाच यात तोटा, कारण त्याची गर्दी जमेपर्यंत वाटा उतरलेला असतो. हा सरळ सरळ अन्याय आहे असं माझं मत आहे.

सैराटचं गणित वेगळं बसलं त्याला कारणं आहेत. २०१६ ला मराठी सिनेमाला महाराष्ट्रात करमणूक कर माफ होता, जीएसटी नंतर आला, त्यामुळे टॅक्समध्ये फारसं गेलं नाही. निर्मितीत आणि वितरणात दोन्हीकडे झी, म्हणजे कमिशन बाहेर गेलं नाही. तालुक्याच्या सिंगल स्क्रीनला बऱ्याचदा ठरलेलं आठवड्याचं भाडं असतं, तिथे हाऊसफुल्ल गेलं की भाड्याच्या वरचं सगळं पिक्चरवाल्यांचं. शिवाय कन्नड, पंजाबी आणि धडक नावाने हिंदी रिमेक झाले, त्या हक्कांचे पैसे या ११० मध्ये येतच नाहीत. तर नफा प्रचंड झाला यात शंकाच नाही, ४ कोटीवर एवढा गल्ला म्हणजे चमत्कारच, पण १०६ नाही, आणि जो झाला तो एकट्या नागराज मंजुळेंच्या खिशात गेला असंही समजू नका.

तुम्ही पैसे लावायच्या विचाराने विचारत असाल तर गल्ला विचारू नका, शेअर, म्हणजे थिएटरचा वाटा जाऊन पिक्चरवाल्यांकडे किती आला, ते विचारा. करारात लिहून घ्या की डीसीआर दर आठवड्याला मिळाले पाहिजेत, आणि आधी कोणाचे पैसे निघणार, नंतर कोणाचे. आमच्या वितरकाने काही थिएटरचे डीसीआर शेवटपर्यंत दिले नाहीत. आणि नफ्यात वाटा पाहिजे असेल तर तोट्यातपण उभं राहायची तयारी ठेवा, पंगतीत उठून लोकांना चोर म्हणायचं नाही. दाजींनी करारावर सही केली तेव्हा मी शेजारी बसून कलमं वाचून दाखवत होतो, ते फोनवर बोलत होते.

हां, एक राहिलं, हे टक्के दर पिक्चरला तसेच लागतात असं नाही, मोठा हिरो असेल तर वाटाघाटी होतात. आणि सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झालाय, वरच्यावर १८ च आहे. त्यामुळे आज हिशोब करताना माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, तिकीट दर बघून परत मांडा.