खलनायक मोजू नकोस, घड्याळ बघ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकी थरारमालिकांतल्या अरबांवरचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण खलनायक मोजण्यात तू पानंच्या पानं घालवली आहेस, आणि मोजणीला कुणीही मोजणीनंच उत्तर देईल. ‘२४’ या मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये खलनायक सर्ब होते, पाचव्यात रशियन होते आणि कटाच्या मुळाशी तर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षच निघाला. दुसऱ्या सीझनमध्ये सगळा संशय रझा या मुस्लिम तरुणावर आणि बॉम्बवाल्यांना सामील त्याची गोरी नवरी! हे तू गाळलंयस. गाळू नकोस. आपल्या विरोधातला पुरावा आपणच आधी मांडावा.

मग उरतं काय? घड्याळ. ‘२४’ फॉक्स वाहिनीवर सुरू झाली ६ नोव्हेंबर २००१ला, जुळे मनोरे कोसळून दोन महिनेही झाले नव्हते. तिची कल्पना मात्र त्याआधीची, हे विसरू नकोस. एक दिवस, चोवीस भाग, पडद्यावर पळणारे सेकंद. बॉम्ब फुटणार हे आपल्याला माहीत, पकडलेल्याला काहीतरी ठाऊक आहे याचीही आपल्याला खात्री. अशा वेळी वकील मागणारा माणूस आपल्यालाही अडथळाच वाटतो. मालिकेचा नायक, दहशतवादविरोधी एजंट जॅक बाउर, यानं छळ केला की कबुली मिळते, आणि ती बहुतेकदा खरी निघते. नोव्हेंबर २००६ मध्ये वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे डीन, ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन, मुद्दाम कॅलिफोर्नियाला जाऊन या मालिकेच्या मंडळींना भेटले. हे बघून आमच्या कॅडेटना छळ योग्य वाटू लागलाय, अशी त्यांची तक्रार होती. विचारसरणी हवी असेल तर ती इथे शोध. संवादांत ती फारशी सापडणार नाही. संवाद लिहिणारे हुशार असतात.

आता चौथा सीझन, जानेवारी २००५. लॉस एंजेलिसमधलं मुस्लिम कुटुंब, आई-बाप-मुलगा न्याहारीला बसलेत, आणि त्याच टेबलावर कट शिजतोय. अमेरिकी मुस्लिमांच्या ‘केअर’ संघटनेनं आक्षेप घेतला, तेव्हा फॉक्सनं खुद्द किफर सदरलँडकडून खुलासा वदवून घेतला की अमेरिकी मुस्लिम दहशतवादाच्या विरोधातच आहेत. पुढे त्याच सीझनमध्ये दुकान चालवणारे दोन अरब-अमेरिकी भाऊ जॅकच्या बाजूनं उभे राहतात. तू त्यांना ‘सकारात्मक चित्रण’ म्हटलंयस. इतक्या स्वस्तात सोडू नकोस! ते भाऊ पडद्यावर आहेत ते जॅकला उपयोगी पडतात तेवढ्यापुरतेच. वाईटाच्या शेजारी एक चांगला बसवून हात झटकायचे, ही युक्ती अभ्यासक एव्हलिन अल्सुल्तानी यांनी २०१२च्या आपल्या पुस्तकात नीट उलगडली आहे. ग्रंथालयात मिळालं नाही तर माझी प्रत घेऊन जा, फक्त परत कर.

‘होमलँड’ या दुसऱ्या अमेरिकी थरारमालिकेच्या बर्लिनमधल्या सेटवर तीन कलाकारांनी ‘होमलँड वर्णद्वेषी आहे’ असं अरबीत लिहून ठेवलं आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये ते तसंच प्रसारित झालं. हा किस्सा सगळेच सांगतात, तू दोन ओळींत आटप. त्यापेक्षा २०१२चा हमरा रस्ता घे. बैरूतचा हा कॅफेंचा, दुकानांचा गजबजलेला रस्ता मालिकेत बंदूकधाऱ्यांचा अड्डा झाला, आणि चित्रीकरण केलं होतं तेल अवीवमध्ये. लेबनॉनचे पर्यटनमंत्री फादी अब्बूद दावा ठोकायला निघाले होते.

कलाकार कोण होते, तेही बघ. ‘२४’चा खलनायक हबीब मरवान झाला दक्षिण आफ्रिकेचा अरनॉल्ड वोस्लू, अबू फायेद झाला ग्रीक वंशाचा अमेरिकी नट. आणि २०१० मध्ये कामिस्तान नावाच्या काल्पनिक इस्लामी देशाचा अध्यक्ष झाले आपले अनिल कपूर. ‘तिकडचा माणूस’ दिसला की झालं, मग तो इराणी असो, अरब असो की चेंबूरचा!

यावर एक परिच्छेद कर, कारण इथून तुला आपल्याकडे येता येईल. ‘होमलँड’ बेतलेली होती इस्रायली मालिकेवर. ‘फौदा’ही इस्रायली, तिचा २०२२ मध्ये ‘तनाव’ झाला आणि पॅलेस्टिनींच्या जागी काश्मिरी आले. सांगाडा तोच ठेवून माणसं बदलता येतात, म्हणजे मुळात ती माणसं कोण आहेत याच्याशी सांगाड्याला फारसं कर्तव्य नाही. ‘फौदा’त पॅलेस्टिनींची घरं, नातीगोती दिसतात हे मोकळेपणानं मान्य कर. पण त्या घरात आपण शिरतो बहुधा वेशांतर करून घुसणाऱ्या इस्रायली तुकडीच्या मागोमाग.

‘फौदा’ आणि ‘तनाव’ या दोन्हींचे पहिले भाग लागोपाठ बघ आणि एवढंच टिपून ठेव: कुणाच्या घरात कॅमेरा किती वेळ थांबतो, आणि त्या घरात तो आधी पोचतो की दार फुटल्यावर. ते टिपण पुढच्या मसुद्याआधी मला पाठव. मोजणीची पानं कुठून कापायची ते त्यावरून ठरवू. दिवाळी अंकवाल्यांना मी सांगून ठेवतो की लेख थोडा उशिरा येईल.

तुझा,
सर