इंजिन उतरवण्याआधी

सोलापूर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझ्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा रिव्हर्स गिअर टाकताना करकर वाजते म्हणून नवी क्लच प्लेट मागवावी का, असे तू विचारले आहेस. अजून मागवू नकोस. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या या गाडीची प्लेट बदलायची म्हणजे इंजिनच बाहेर काढावे लागते. मी एकदा भर मे महिन्यात ते काढले, तेव्हा प्लेट जवळपास नवी निघाली. दोष होता तो पेडल आणि मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबले की तेल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याचा) दांडा जोडणाऱ्या एवढ्याशा पिनेत.

म्हणून आधी मोजमाप कर. चाकांना दगड लावून गाडी स्टँडवर घे, इंजिन बंद ठेवून कोणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांग आणि स्लेव्ह सिलिंडरचा (त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या दुसऱ्या नळकांड्याचा) दांडा किती सरकतो ते पट्टीने पाहा. सुमारे अर्धा इंच, म्हणजे चार सूत, सरकत असेल तर प्लेट आणि फोर्ककडे (स्लेव्हचा दांडा ज्या दांडीला ढकलतो तिच्याकडे) वळावे; बराच कमी सरकत असेल तर इंजिनाला हात लावण्याचे कारण नाही. मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, पाऊण इंच आणि स्लेव्हचा सव्वा इंच असल्याने मास्टरचा पिस्टन एक इंच गेला तरी स्लेव्हचा जेमतेम ०.३६ इंच जातो, आणि इतक्या तुटपुंज्या हिशेबात झिजलेली पिन, लांबट झालेले भोक किंवा हवेचा बुडबुडा यांपैकी काहीच परवडत नाही.

पेडल दाबून धरले असतानाही गाडी हळूहळू पुढे ओढू लागली आणि क्लचच्या तेलाच्या छोट्या टाकीतले तेल मात्र तेवढेच राहिले, तर बहुधा मास्टरचे वॉशर आतल्या आत तेल मागे सोडत आहे. तेल उतरत असेल तर स्लेव्हचे रबरी बूट सरकवून पाहा व पेडलमागे हात फिरव, ओल सापडेल. पेडल सोडल्यावर क्लच सावकाश धरत असेल तर होज, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, आतून फुगून बंद होत आलेला असू शकतो, बाहेरून तो कितीही ठणठणीत दिसो.

सिलिंडरच्या रबरी वॉशरांचे किट बदलताना बोअरमध्ये खड्डे दिसले तर नवा सिलिंडरच घ्यावा. पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेणे मला पटत नाही. तेल म्हणून डॉट ४ दर्जाचे ब्रेक फ्लुइड घाल. चुकून इंजिन ऑइल गेले तर रबर फुगते. एअर काढण्यासाठी तासभर पेडल मारण्यापेक्षा स्लेव्हच्या निपलातून पिचकारीने तेल वर चढव, म्हणजे हवा तिच्या स्वभावानुसार वरच निघून जाईल. त्याआधी टाकी अर्धी रिकामी कर, नाहीतर तेल उतू जाऊन बॉनेटखालचा रंग सोलून काढील.

आणि सात रस्त्याच्या सिग्नलला क्लच दाबून उभा राहत असशील तर ते थांबव. या गाडीचे रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवताना त्यावर दाबले जाणारे कडे, कार्बनचे असते आणि दाबलेल्या प्रत्येक क्षणी ते घासते.

दांडा किती सूत सरकला ते कळव. रविवारी सकाळी, ऊन तापण्याआधी, मी येऊन पाहीन.

तुझा
काका