वडील गेले, त्यांची बारा बोअर बंदूक माझ्या नावावर करायला ग्वाल्हेरात किती दिवस लागतात? आणि एका बंदुकीसाठी सरकारचा एवढा ससेमिरा कशाला?

दिवसांचं विचारू नका. मला अकरा महिने लागले, त्यातले सात दादाशी भांडण्यात गेले.

बाबांची दोननळी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात खुंटीला टांगलेली असायची. दसऱ्याला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचं आणि निवडणूक लागली की बाबा ती जुन्या धोतरात गुंडाळून, सायकलच्या दांडीला बांधून ठाण्यात जमा करून यायचे. बाबा गेले, तर दादा म्हणाला, थोरल्याकडेच येणार. त्याच्याकडे रायफल आणि पिस्तूल होतंच. म्हटलं, शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून माणशी दोनच, पूर्वी तीन चालायची. वारशाने आली तरी दोनाच्या वर नाही. पिस्तूल सोड, ही घे. तर म्हणे, आपले खापरपणजोबा शिंद्यांच्या चाकरीत होते, त्यांना कुणी लायसन्स मागितलं होतं? (होते खरे. दफ्तरात कारकून.)

मग त्याचं ठरलेलं पालुपद: 'महाराजपुऱ्याच्या हवाई दलाच्या तळावरून उडालेली विमानं पडतात, त्याचा जाब कुणी विचारत नाही, आणि माझ्या काडतुसांचा हिशेब मागतात.' 28 जानेवारी 2023 ला सुखोई आणि मिराज ही लढाऊ विमानं, दोन्ही इथूनच उडाली होती. मिराजचा वैमानिक गेला, अवशेष मुरैन्यात पहाडगढला आणि पार भरतपूरकडे सापडले. पण जाब विचारत नाहीत हे साफ खोटं. प्रत्येक अपघातानंतर हवाई दलाची कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे खात्याची चौकशी, बसते. अहवाल आपल्या हाती पडत नाही, तेवढ्यापुरता दादा बरोबर. संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात आलं म्हणून निदान एवढं कळलं, की 2017 ते 2022 मध्ये हवाई दलाचे 34 अपघात झाले आणि त्यातले 19 माणसाच्या चुकीने.

आता दादाचा हिशेब ऐका. चुलतबहिणीच्या लग्नात वरात दारात आली आणि यानं पिस्तूल हवेत उडवलं. मांडवातला हॅलोजन फुटला, काचा वरमाईच्या अंबाड्यात. ती बिचारी रात्री उशिरापर्यंत कंगव्याने काचा काढत बसली होती. अशा गोळीबाराला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. पण तक्रार कोण करणार, व्याह्यांकडचे? पुढे नूतनीकरणाच्या पडताळणीला हवालदार आला, अंगणात चहा प्यायला, पिस्तूल बघितलंसुद्धा नाही आणि लिहून गेला: चालचलन उत्तम. याला तुम्ही ससेमिरा म्हणता?

तुमच्यापुरतं सांगायचं तर बंदूक अजून घरात असेल, तर आधी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती जपा. वडिलांचं लायसन्स त्यांच्याबरोबर संपलं, ती तशीच घरात ठेवणं गुन्हा. मग मृत्यूचा दाखला, भावंडांचं नाहरकत शपथपत्र आणि कलेक्टोरेट. तुमचे वडील हयात असते तर सत्तरी गाठल्यावर त्यांना स्वतःच वारस नेमता आला असता, 2016 च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. आमच्या बाबांनाही सांगितलं होतं, दादाने मोडता घातला.

मी वकील नाही, आणि साहेबागणिक अटी बदलतात. 2019 मध्ये इथल्या कलेक्टरांनी लायसन्सला दहा झाडं लावायची अट घातली होती.

दादाने शेवटी सही केली. पण शपथपत्रात नावापुढे पेनने 'थोरले चिरंजीव' असं स्वतःच घुसडलं, आणि खाडाखोड चालत नाही म्हणून ते परत आलं.