सगळी स्क्रीन एकदम बदलू नका

तुम्ही लिहिलंय की उपयोजित कला शिकून आता माहिती प्रणालीत पीएचडी करताय आणि दर सादरीकरणाला गाईड म्हणतात, "स्क्रीन सुंदर आहे, पण यात संशोधन कुठंय?" हेच वाक्य मी तीन वर्षं ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हेव्हनर आणि सहकाऱ्यांचा २००४ चा डिझाइन सायन्सवरचा, म्हणजे काहीतरी घडवून संशोधन करण्यावरचा, लेख तुम्ही वाचला असणारच. नवी वस्तू घडवणं हेही संशोधन, याला त्याने मोठं बळ दिलं. पण तिचं मूल्यमापन काटेकोर हवं, हेही त्यातच आहे. माझं घोडं तिथंच अडलं.

मी ग्रामीण आरोग्य केंद्रासाठी लसीकरणाचा डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका नजरेत दाखवणारी स्क्रीन, केला. आधी तिथे आकड्यांचं साधं कोष्टक होतं. मी रंग बदलले, फॉन्ट बदलला, मांडणी बदलली आणि कोष्टक काढून पाय चार्ट टाकले, सगळं एकाच फटक्यात. सिस्टर म्हणाल्या, "छान दिसतंय हो." मग मी विचारलं, या वाडीत किती बाळं राहिलीत? त्यांनी शेजारचं रजिस्टर ओढलं, रकान्यावरून बोट खाली नेलं आणि आकडा सांगितला. स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. हे माझ्यासमोर घडलं आणि मी ते टिपून घेतलं नाही, कारण माझ्या प्रश्नावलीत फक्त 'आवडलं का, सोपं वाटलं का' एवढंच होतं. त्या प्रश्नावलीत गुण भरपूर मिळाले. परीक्षकांनी एकच विचारलं: हा फरक रंगामुळे पडला, मांडणीमुळे की चार्टमुळे? मला सांगता येईना. आठ महिन्यांचं काम बाद झालं.

सिस्टरनी रजिस्टर का ओढलं, ते मला आयरिस व्हेसी यांच्या १९९१ च्या लेखात सापडलं. नेमका आकडा हवा असेल तर कोष्टक, कल किंवा तुलना बघायची असेल तर आलेख. काम आणि मांडणी जुळली की डोक्याला ताण कमी. त्यात पाय चार्टमधले कोन आणि क्षेत्रफळ आपण कच्चं वाचतो, एका रेषेवरची जागा जास्त अचूक, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे माझा पाय चार्ट दोन्हीकडून चुकला होता.

म्हणून माझं ठाम मत: आधी काम ठरवा, मग एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. वेळ आणि चुका मोजा. 'आवडलं' वेगळं विचारा, त्यावर निष्कर्ष उभा करू नका. कुरोसू आणि काशिमुरा यांनी १९९५ मध्ये जपानात एटीएमच्या २६ मांडण्या दाखवल्या, तेव्हा लोकांना ज्या सुंदर वाटल्या त्याच बहुतेक नुसत्या बघून वापरायलाही सोप्या वाटल्या. वाटणं आणि जमणं यांत अंतर असतं.

हे सगळं डॅशबोर्डच्या अनुभवावरून सांगतोय. तुमचा विषय ब्रँड किंवा विश्वासाचा असेल तर 'वाटणं' हेच मोजायचं असेल. शेवटी गाईडशी बोलूनच ठरवा. माझी पीएचडीची फाइल तर दोन विभागांत महिनोन् महिने फिरत होती, एक म्हणे हे कलेचं, दुसरा म्हणे संगणकाचं. अजून आठवलं की संताप येतो. तुम्ही दोन्हीकडचा एकेक मार्गदर्शक सुरुवातीलाच लेखी घ्या.

आणि चाचणी मराठी मजकुरावरच करा. इंग्रजीसाठी ठेवलेल्या ओळींच्या अंतरात आपले रफार आणि उकार एकमेकांत घुसतात.

तुमची स्क्रीन कोण वापरणार आणि तिच्यावरून त्यांना नेमकं काय ठरवायचंय, ते इथे लिहा. मग प्रयोगाचा आराखडा बघू.