‘उच्च धोका’ वर्गातील धरण म्हणजे फुटण्याच्या बेतात असलेले धरण का?

नाही. धोक्याचा वर्ग धरणाची प्रकृती सांगत नाही. ते फुटलेच तर खालच्या अंगाला किती माणसे, घरे आणि शेते पाण्यात सापडतील, एवढेच तो सांगतो. म्हणून पायथ्याशी दाट वस्ती असलेले भक्कम धरणही उच्च धोक्याच्याच वर्गात राहते.

प्रकृती कळते ती तपासणीतून. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी बंधनकारक असून आढळलेल्या उणिवा तीन श्रेणींत मांडल्या जातात: पहिलीत धरण फुटण्याची भीती, दुसरीत तातडीच्या दुरुस्तीची गरज, तिसरीत वर्षभरात निस्तरता येणारी किरकोळ कामे. माझ्या मते गावकऱ्यांनी वर्गापेक्षा ही श्रेणीच आधी विचारावी.

मातीच्या धरणाच्या पायथ्याशी थोडे स्वच्छ पाणी पाझरणे स्वाभाविक असते, परंतु तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर आतली माती वाहून जात आहे असे समजून जलसंपदा विभागाला त्याच दिवशी लेखी कळवावे. २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलेल्या चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणाच्या गळतीची तक्रारही ग्रामस्थांनी आधीच केलेली होती.