मोगरा पांढराफटक का दिसतो?

प्रश्न : निवृत्तीनंतर नवा डिजिटल कॅमेरा घेतला आहे. अंगणातील मोगऱ्याचे फोटो काढले, तर फुलांच्या जागी नुसते पांढरे डाग उमटतात आणि लाल जास्वंदीच्या पाकळ्यांवरील शिराही दिसत नाहीत. माझे काय चुकते? अगदी जवळून फोटो काढण्यासाठी असते ती मॅक्रो लेन्स घ्यावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपले फारसे काही चुकत नाही, चूक कॅमेऱ्याच्या अंदाजाची आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या उजेडाचे असावे, असे गृहीत धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. त्यामुळे गर्द पानांनी चौकट भरलेली असली की तो सारेच उजळतो आणि त्यात बिचारा मोगरा वाहून जातो. अधिक-उणे चिन्हाचे बटण वापरून एक्स्पोजर (म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड) उणे १ करावे. जास्वंदीचे दुखणे थोडे निराळे आहे: एकूण उजेड योग्य असूनही लाल रंगाची नोंद एकटीच काठोकाठ भरते, म्हणून लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा कॅमेऱ्यातील आलेख) स्वतंत्र पाहावा आणि लाल आलेख उजव्या कडेला चिकटला असेल, तर एक्स्पोजर आणखी कमी करावे. दुपारचे ऊन मात्र टाळाच. वाऱ्याने फूल हलत असेल, तर शटरचा वेग निदान १/२५० सेकंद ठेवावा आणि त्यामुळे कमी पडणारा उजेड भरून काढण्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ८०० पर्यंत वाढवण्यास कचरू नये, कारण त्याने फोटोत येणारा रवाळपणा नंतर कमी करता येतो, हललेली पाकळी सहसा सुधारत नाही. मॅक्रो लेन्सची खरेदी सध्या लांबणीवर टाकलेली बरी.