यादीत नाव नाही, पण प्रोग्राम चालतोय!

प्रश्न : ताई, माझ्या लॅपटॉपवर हिशेबाचा एक जुना प्रोग्राम आहे. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर क्लिक केलं की व्यवस्थित उघडतो. आता तो काढून नवा टाकायचा आहे, पण कंट्रोल पॅनेलमधल्या ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’च्या यादीत त्याचं नावच नाही. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. भाचा म्हणतो, सरळ फोल्डरच डिलीट कर. करू का? विंडोज ११ आहे.

उत्तर : भाच्याला जरा थांबवा. प्रोग्राम हिशेबाचा आहे, म्हणजे वर्षानुवर्षांचा डेटा त्याच फोल्डरमध्ये पडलेला असण्याची दाट शक्यता आहे. तो आधी पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि मगच पुढचं वाचा.

ती यादी विंडोज डिस्क धुंडाळून तयार करतं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं काही होत नाही. इन्स्टॉल होताना प्रत्येक प्रोग्राम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, स्वतःची नोंद स्वतःच करतो: माझं नाव हे, व्हर्जन हे, बनवणारे हे आणि मला काढायचं असेल तर अमुक फाइल चालवा. विंडोज या नोंदी वाचतं आणि आपल्यापुढे मांडतं, बस्स. हजेरीपटावर नाव नसलेलं मूल वर्गात बसलेलं असू शकतं, तसंच हे. विंडोज ९५मध्ये या यादीला ‘ॲड/रिमूव्ह प्रोग्राम्स’ म्हणायचे. २००७मध्ये आलेल्या व्हिस्टात नाव बदललं, आतला कारभार तोच राहिला.

त्यामुळे तुमच्या बाबतीत दोनच शक्यता उरतात. एकतर नोंद आहे आणि तुम्ही भलतीकडे बघताय, नाहीतर नोंद झालीच नाही किंवा मध्येच पुसली गेली.

पहिली शक्यता आधी तपासा, कारण ती फुकटात सुटते. विंडोज १०पासून याद्या दोन झाल्या आहेत. (का, ते मायक्रोसॉफ्टलाच ठाऊक. एवढ्या वर्षांत जुनी यादी बंद करायचा मुहूर्त काही त्यांना सापडलेला नाही.) मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली ॲप्स कंट्रोल पॅनेलमध्ये दिसतच नाहीत, ती फक्त सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे दिसतात. तिथे वर एक फिल्टर असतो, तो ‘ऑल ड्राइव्ह्ज’वर आहे ना, तेही बघा. आणि नाव वेगळं असू शकतं! आयकॉनखाली एक नाव आणि यादीत कंपनीच्या नावाने सुरू होणारं भलतंच दुसरं, हे सर्रास चालतं. म्हणून कंट्रोल पॅनेलच्या यादीत ‘पब्लिशर’ या रकान्यावर क्लिक करून कंपनीप्रमाणे क्रम लावा. तारखेच्या रकान्यावर फार विसंबू नका. अपडेट आला की ती तारीख बदलू शकते.

तरीही सापडलं नाही, तर आयकॉनवर राइट-क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. प्रोग्राम कुठे राहतो, त्यावरून बरंच काही कळतं. पत्त्यात ‘यूजर्स’, मग एखाद्याचं नाव आणि पुढे ‘ॲपडेटा’ असेल, तर तो त्या एकाच व्यक्तीच्या खात्यापुरता इन्स्टॉल झाला आहे. घरात दोघांची वेगवेगळी खाती असतील तर त्या दुसऱ्या खात्यातून लॉगिन करा, यादीत नाव दिसेल.

पत्ता ‘प्रोग्राम फाइल्स’मधला असेल तर त्या फोल्डरमध्येच ‘अनइन्स्टॉल’, ‘अनइन्स्ट’ किंवा ‘अनइन्स’ आणि पुढे तीन शून्यं अशा नावाची फाइल शोधा. यादीतलं ‘अनइन्स्टॉल’ बटण एरवी हीच फाइल चालवतं. ती सापडली की डबल-क्लिक करा. नोंद नसली तरी बहुधा काम होतं. तीन शून्यांची फाइल असेल तर शेजारी त्याच नावाची ‘डॅट’ फाइल असते. इन्स्टॉल करताना काय काय कुठे ठेवलं, ते त्यात लिहिलेलं असतं, तेव्हा तिला हात लावू नका.

अशी फाइलच नसेल, तर माझी पसंती एका उलट्या वाटणाऱ्या उपायाला आहे: तोच प्रोग्राम, शक्यतो तेच व्हर्जन, त्याच फोल्डरमध्ये पुन्हा इन्स्टॉल करा. नोंद नव्याने लिहिली जाते, नाव यादीत येतं आणि मग तिथून रीतसर काढता येतं. मूळ सेटअप ‘एमएसआय’ प्रकारचा (फाइलीच्या नावाच्या शेवटी .msi) असेल तर त्या फाइलवर राइट-क्लिक केल्यावरच ‘अनइन्स्टॉल’ हा पर्याय मिळतो. विंडोज ११मध्ये त्यासाठी आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’वर जावं लागतं.

भाचा बरोबर ठरतो तो एकाच बाबतीत: प्रोग्राम ‘पोर्टेबल’ असेल तर. म्हणजे झिप उघडली, फोल्डर ठेवला आणि चालवायला सुरुवात केली. अशा प्रोग्रामची नोंद मुळात होतच नाही. तेव्हा फोल्डर आणि शॉर्टकट उडवले की झालं.

प्रश्न : विंडोज नव्याने टाकून घेतलं. माझे सगळे प्रोग्राम डी ड्राइव्हवर होते, तो ड्राइव्ह जसाच्या तसा आहे. तरी यादी रिकामी! दुकानदार म्हणतो, डेटा गेलेला नाही. मग प्रोग्राम कुठे गेले?

उत्तर : दुकानदार खरं बोलतोय. फाइली डी ड्राइव्हवर होत्या, पण त्यांच्या नोंदी सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या पोटात होत्या. जुनं विंडोज गेलं, त्याच्याबरोबर त्या गेल्या. काही साधे प्रोग्राम त्यांच्या फोल्डरमधून थेट चालवले तर चालतीलही. मोठे बहुधा रुसतील, कारण त्यांची सेटिंग्ज आणि मदतनीस फाइलीही सी ड्राइव्हवरच होत्या. त्यांना त्याच जागी पुन्हा इन्स्टॉल करण्याला पर्याय नाही. लायसन्स की हाताशी ठेवा. विंडोजच्याच ‘रीसेट धिस पीसी’मधून ‘कीप माय फाइल्स’ निवडून हे काम केलं असेल, तर काढून टाकलेल्या ॲप्सच्या यादीची एक फाइल विंडोज डेस्कटॉपवर ठेवून जातं. ती कचरा समजून उडवू नका, परत काय काय टाकायचं ते त्यात आयतं मिळेल.

प्रश्न : कॉम्प्युटर वेगवान करणारं एक ‘क्लीनर’ चालवलं. वेग तेवढाच आहे, पण यादीतली निम्मी नावं गायब झाली. परत कशी आणू?

उत्तर : रजिस्ट्री साफ केल्याने कॉम्प्युटर पळायला लागतो, ही समजूत काही केल्या मरत नाही. असे क्लीनर वापरायला आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर करून ठेवलं आहे.

आधी त्या क्लीनरमध्येच ‘बॅकअप’ किंवा ‘रिस्टोअर’ शोधा. बरेच क्लीनर पुसण्यापूर्वी प्रत काढून ठेवतात. ती नसेल तर कंट्रोल पॅनेल, रिकव्हरी, ओपन सिस्टिम रिस्टोअर असं जा आणि क्लीनर चालवण्याच्या आधीचा ‘रिस्टोअर पॉइंट’, म्हणजे विंडोजने तेव्हा जपून ठेवलेली स्थिती, निवडा. तिथे ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स’ असं बटण आहे. मागे गेल्यावर कोणते प्रोग्राम जातील आणि कोणते परत येतील, ते आधीच दाखवतं. तुमची पत्रं, फोटो यांना धक्का लागत नाही.

विंडोज रजिस्ट्रीची प्रत ‘रेगबॅक’ फोल्डरमध्ये ठेवायचं; तिथून जुनी रजिस्ट्री उचलून आणा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. विंडोज १०च्या १८०३ या आवृत्तीपासून तो बॅकअप आपोआप घेणं बंद झालं आहे. फाइली दिसतात, आकार शून्य!

प्रश्न : मी रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘अनइन्स्टॉल’ या कीखाली (म्हणजे रजिस्ट्रीतल्या फोल्डरखाली) बघितलं. प्रोग्रामची नोंद तिथे आहे, यादीत मात्र नाही. असं कसं?

उत्तर : तुम्ही एवढ्या आत शिरलाच आहात तर नीट सांगते. नोंदीत ‘डिस्प्लेनेम’ नसेल तर नाव दिसत नाही. ‘अनइन्स्टॉलस्ट्रिंग’, म्हणजे काढायला कोणती फाइल चालवायची ती ओळ, नसेल तरी तेच. आणि ‘सिस्टिमकॉम्पोनंट’ची किंमत १ असेल तर बनवणाऱ्याने ती मुद्दाम लपवली आहे. ती किंमत ० केली की नाव यादीत येतं. त्याआधी त्या कीवर राइट-क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा, म्हणजे तिची प्रत हाताशी राहील. ड्रायव्हरचे आणि दुसऱ्या प्रोग्रामना लागणारे भाग बहुतेकदा असेच लपवलेले असतात. ते उघड करून काढत बसलात तर दुसरंच काहीतरी बंद पडेल.

रजिस्ट्रीच्या ‘लोकल मशीन’ शाखेत ३२-बिट (म्हणजे बहुधा जुन्या धाटणीच्या) प्रोग्रामची नोंद ‘वाव६४३२नोड’खालच्या वेगळ्या ‘अनइन्स्टॉल’मध्ये असते आणि एकाच खात्यापुरत्या प्रोग्रामची ‘करंट यूजर’खाली. तिन्ही ठिकाणं बघा.

प्रश्न : माझं उलटं आहे. प्रोग्राम केव्हाच डिलीट केला, नाव मात्र यादीतून हलत नाही.

उत्तर : कंट्रोल पॅनेलच्या यादीत त्या नावावर डबल-क्लिक करा. काढणारी फाइलच सापडली नाही की विंडोज बहुधा विचारतं, प्रोग्राम आधीच काढलेला दिसतोय, यादीतून नाव कमी करू का? ‘येस’ म्हणा. नाहीच विचारलं, तर वरच्या उत्तरातली ती की शोधा, एक्स्पोर्ट करून ठेवा आणि तेवढी एकच डिलीट करा.